बंब, पंप आणि कुरकुर

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द शिकवताना मी फळ्यावर एक यादी लिहीत असे. बटाटा, पाव, चावी, बादली. शेवटी लिहायची 'बंब'. मुलं हमखास हसायची. तो पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं मानतात आणि बोंबा म्हणजे पंप. आगीच्या बंबाला हे नाव शोभतं, कारण त्यात खरोखरच पंप असतो. पण न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला का म्हणून बंब म्हणायचं? त्यात पंप कुठे आहे? हा प्रश्न एका चुणचुणीत मुलीनं मला विचारला होता. त्या दिवशी तास संपला, पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला तो राहिलाच. आज त्याच्याच शेपटाला धरून जरा लांबचा फेरफटका मारायचा विचार आहे. मंडळी, चहा घेऊन बसा.

बंब ज्यांनी पाहिला नसेल त्या नातवंडांसाठी सांगते. तांब्याचं उभं भांडं, त्याच्या पोटातून आरपार गेलेली एक नळी, खाली जाळी. नळीत काटक्या, गोवऱ्यांचे तुकडे, तुऱ्हाट्या टाकायच्या. नळी तापली की तिच्या भोवतीचं पाणी तापायचं. वरून थंड पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून कढत पाणी बाहेर. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव घेतलं की लोकांना मे महिन्यातलं ऊनच आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत माणिकगडच्या डोंगराकडून वारा सुटला की पहाटे बंबापाशी सगळं घर गोळा व्हायचं. आणि बंब आवाज करायचा नाही. काटक्या तडतडायच्या तेवढ्याच. पाणी मात्र आतल्या आत फिरत असायचं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर, थंड पाणी जड म्हणून खाली. कुणी ढकलावं लागत नसे.

या आपोआप फिरण्यावर युरोपातल्या लोकांनी दोनशे वर्षं अख्खी घरं तापवली. मोर्टेन ट्रीवाल्ड नावाच्या स्वीडिश माणसानं १७१६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे झाडांचं काचघर गरम पाण्याच्या नळ्यांनी तापवलं. गंमत म्हणजे हाच माणूस तिथे कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रांच्या कामात होता. आपणही कोळशाच्या जिल्ह्यातले. खाण म्हटली की पाणी आलं आणि पाणी म्हटलं की पंप आला, हे आपल्याला सांगायला नको. पुढे १७७७ साली फ्रान्समध्ये बोनमें यानं अंडी उबवण्यासाठी गरम पाण्याची फिरती व्यवस्था केली. म्हणजे ही ऊब आधी झाडांना आणि कोंबडीच्या पिलांना मिळाली, माणसांना मागाहून! १८३१ साली लंडनमध्ये अँजियर मार्च पर्किन्स यानं इमारती तापवण्यासाठी जास्त दाबाच्या गरम पाण्याची पद्धत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाचे रेडिएटर आले आणि तळघरात बॉयलर, खोल्याखोल्यांत रेडिएटर, मधे नळ्या अशी घरं थंड मुलखात सर्वत्र दिसू लागली.

आता थोडं गणित. घाबरू नका, मी काही गणिताची बाई नाही. ८० अंश सेल्सियसचं एक घनमीटर पाणी साधारण ९७२ किलो भरतं, ६० अंशाचं ९८३ किलो. फरक ११ किलोचा. म्हणजे पाच मीटर उंचीच्या घरात पाण्याला फिरवणारं बळ किती, तर साडेपाच-सहा सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढं. तांब्याभर पाण्याची उंचीसुद्धा त्याहून जास्त असते! एवढ्याशा बळावर अख्ख्या घरात पाणी फिरायचं तर नळ्या मनगटाहून जाड हव्यात, चढ-उतार नेमके हवेत, आणि घर तापायला वेळही भरपूर हवा. सकाळी पेटवलेल्या बॉयलरची ऊब शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत दिवस वर यायचा. पण घर शांत असायचं. आपल्या बंबासारखंच.

ही शांतता मोडली १९२८ साली. जर्मनीत डॉर्टमुंड इथे ओप्लेंडर घराण्याचा तांब्या-पितळेच्या वस्तूंचा कारखाना होता, १८७२ मध्ये सुरू झालेला. त्या घरातल्या विल्हेल्म ओप्लेंडरनं नळीच्या कोपऱ्यात एक छोटा पंखा बसवला आणि बाहेरून विजेच्या मोटरनं तो फिरवला. त्याला त्यानं नाव दिलं 'अभिसरण वाढवणारा'. पुढच्याच वर्षी त्याचं पेटंट झालं. घर तापवणाऱ्या पाण्याच्या फिरत्या पंपाचा हा जन्म समजतात. त्याच घराण्याची कंपनी आज विलो या नावानं ओळखली जाते आणि पुण्याची मॅथर अँड प्लॅट ही पंपांची जुनी कंपनी तिच्या कुटुंबात आलेली आहे. जग तसं लहानच. अमेरिकेतही साधारण त्याच सुमाराला असे पंप घरोघर बसू लागले.

फायदा मोठा झाला. नळ्या बारीक झाल्या, तांबं-लोखंड वाचलं, ऊब काही मिनिटांत पोचू लागली. पण बरोबर एक पाहुणा आला, तो म्हणजे आवाज. लोखंडाच्या आणि तांब्याच्या नळ्या आवाज वाहून नेण्यात पटाईत. तळघरात पंप कुरकुरला की वरच्या मजल्यावर झोपलेल्या म्हातारीला तो उशाशी ऐकू यायचा. सुरुवातीच्या पंपांत मोटर वेगळी, पंप वेगळा आणि मधे दोघांना जोडणारा कपलिंगचा सांधा. अमेरिकेतल्या जुन्या पंपांच्या कपलिंगमध्ये स्प्रिंगा असत. एखादी तुटली की खणखणाट. बेअरिंगला तेल द्यायचं राहिलं की किंचाळणं. आसाच्या भोवतीच्या पॅकिंगमधून पाणी गळणं वेगळंच. यावर उपाय म्हणून पुढे असे पंप निघाले की ज्यांत मोटरचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो. पाणीच त्याला थंड ठेवतं, पाणीच बेअरिंगला वंगण पुरवतं. ना कपलिंग, ना पॅकिंग, ना तेल. स्वित्झर्लंडच्या कार्ल रुत्शी या अभियंत्याचं नाव या कामात घेतलं जातं. घरगुती पंपाची कुरकुर यानं खूपच कमी झाली. पण एक अट आली. आत पाणी नसेल तर त्या बेअरिंगला वाली कुणी नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला घर तापवायचं नव्हतं, शेत भिजवायचं होतं. बेळगावात १८८८ साली सायकलींचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० च्या दशकात तिथे पंप तयार होऊ लागले. पुढे ऑइल इंजिनं आली, वीज आली. आमच्या कोरपना-राजुरा भागात मोटेचा करकर आवाज जाऊन इंजिनाची टुकटुक आली आणि मग मोटरची घूं. माझ्या पिढीनं हे तिन्ही आवाज ऐकलेत. यातला प्रत्येक आवाज ओळखणारे कानही गावोगाव तयार झाले. ही माणसं शाळेत आमच्यापुढे बसली तेव्हा नापास व्हायची. पण विहिरीच्या काठावर उभं राहून "मोटर हवा घेऊन राहिली" असं पाठमोरी असतानाच सांगायची.

माझे धाकटे दीर त्यातलेच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानाला, अशी त्यांची तपासणी. डॉक्टरच्या नळीहून कमी नाही. फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. तो फुटबॉल गळू लागला किंवा विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंपातून आधी खळखळ येते, मग खडे भरल्यासारखा आवाज. अडाणी माणूस पंप खोलायला घेतो. भाऊजी आधी विहिरीत डोकावतात.

त्या खळखळीचं आणि त्या खड्यांचं शास्त्रही गमतीचं आहे. पाण्यात हवा विरघळलेली असते. १८०३ साली इंग्लंडच्या विल्यम हेन्रीनं दाखवून दिलं की दाब जास्त तर वायू जास्त विरघळतो, दाब कमी झाला की बाहेर पडतो. पाणी तापवलं की हवा सुटते हे तर गंजात पाणी ठेवणारी प्रत्येक बाई पाहते; उकळी यायच्या किती आधी तळाला बारीक बुडबुडे धरतात! ही सुटलेली हवा नळीत फिरली की खळखळ. दुसरा प्रकार याहून वाईट. पंपाच्या तोंडाशी दाब फार कमी झाला की पाणी शंभर अंशाच्या कितीतरी आधीच तिथल्या तिथे उकळतं. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी उशिरा उकळतं ना, त्याच्या नेमकं उलट. वाफेचे हे बुडबुडे पुढे दाबाच्या जागी गेले की फटकन मिटतात आणि मिटताना घण घातल्यासारखा मार देतात. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या वेगवान जहाजांचे पंखे यामुळेच अपेक्षेएवढा जोर देईनात आणि त्याच वेळी या प्रकाराला कॅव्हिटेशन हे नाव मिळालं. मिटणाऱ्या बुडबुड्यात केवढा दाब तयार होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडलं. कोरपन्याच्या विहिरीवरच्या खड्यांच्या आवाजाचं आणि इंग्रजी आरमाराचं दुखणं एकच, हे वाचलं तेव्हा मला फार मौज वाटली.

इतकं सगळं पुराण मी का काढलं, ते आता सांगते. माझी लेक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळ राहते. त्यांचं घर जुनं, लाकडी, तळघरात बॉयलर, खोल्यांच्या भिंतीलगत गरम पाण्याच्या नळ्या. एका जानेवारीत, बाहेर शून्याखाली पंधरा अंश आणि घरात तीन महिन्यांचं बाळ अशा वेळी तळघरातून गुरगुर सुरू झाली. एका कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं थांबला, "पंप गेला" म्हणाला आणि नवा बसवून बरेच डॉलर घेऊन गेला. दोन आठवडे शांतता. मग पुन्हा तीच गुरगुर, पुन्हा तोच माणूस, पुन्हा तेच निदान. पंप सदोष निघाला म्हणे, याहून मोठा बसवू! लेक रडकुंडीला आली. पैशापेक्षा धास्ती वेगळीच. तिथे हिवाळ्यात ऊब बंद पडली तर नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फुटतात, आणि तान्हं बाळ घेऊन जायचं कुठे?

जावयांनी तो आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवला. आमचे भाऊजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, त्यांना ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला. म्हणाले, "वहिनी, हे लोखंडाचं दुखणं नाही जी. हे हवेचं आहे. नवा पंप लावून काय होते? हवा कुठून येऊन राहिली ते पाहा म्हणा."

प्रश्न बिनतोड होता. कारण तिथली व्यवस्था बंद असते. विहीर नाही, फुटबॉल नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं गोल फिरतं. एकदा हवा काढून टाकली की पुन्हा यायला नको. मग आली कुठून?

याचं उत्तर पंपात नव्हतं, शेजारच्या एका डब्यात होतं. पाणी तापलं की फुगतं. दहा अंशांपासून ऐंशी अंशांपर्यंत नेलं तर शंभर लिटरचं जवळजवळ एकशे तीन लिटर होतं. या जादा तीन लिटरला जागा हवी. पूर्वी घराच्या माळ्यावर उघडी टाकी असे. पाणी फुगलं की तिच्यात चढायचं. पुढे बंद टाकी आली आणि तिच्यात अर्धी हवा ठेवू लागले, म्हणजे ती हवा दबून पाण्याला जागा देईल. पण हवा हळूहळू पाण्यात विरघळून जायची आणि टाकी पाण्यानं भरायची. म्हणून मधे रबराचा पडदा घातला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हा पडदा फाटला की सगळा खेळ बिघडतो. पाणी तापलं की फुगायला जागा नाही, दाब चढतो, तीस पौंडांच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थोडं पाणी बाहेर टपकतं. रात्री पाणी निवलं की दाब उतरतो, मग भरणीची नळी आपोआप नवं पाणी आत घेते. नवं पाणी म्हणजे नवी हवा. ती तापून सुटते आणि पंपात जाऊन खळखळते. शिवाय त्या हवेतला प्राणवायू लोखंडाला गंज चढवतो तो वेगळाच. रोज थोडं थोडं हे चालू.

जावयांनी तळघरात जाऊन पाहिलं. सुरक्षा व्हॉल्व्हच्या नळीखाली कुणीतरी बादली ठेवली होती आणि ती अर्धी भरली होती. कंपनीचा माणूस दोन्ही वेळा त्या बादलीला वळसा घालून गेला होता! टाकीवर बोटानं वाजवून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत ठप्प आवाज, पोकळ कुठेच नाही. हवा भरायच्या तोंडाशी जरा दाबलं तर पाणी आलं. निदान झालं. दुसरा कारागीर बोलावला, टाकी बदलली, दाब नेमका केला, हवा काढली. टाकीला पंपाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. पंप तोच राहिला आणि गप्प झाला.

आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. पंपाच्या बाबतीत हे फार होतं. व्यवस्थेत कुठेही दुखलं तरी ओरडतो तो पंप, कारण तिथे एवढं एकच फिरणारं यंत्र आहे. मग आपण ओरडणाऱ्याचीच मान धरतो. वर्गातही असंच व्हायचं. चिमटा मागच्या बाकावरचा काढी आणि ओरडल्याबद्दल उभा राही पुढचा. चांगली बाई ती, जी आधी मागचा बाक पाहते.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या बेल अँड गॉसेट या पंप कंपनीच्या गिल कार्लसन यांनी १९६० च्या दशकात शास्त्रशुद्ध सांगितली. त्यांचं म्हणणं असं की टाकी जिथे जोडलेली असते तिथला दाब पंप चालू केल्यानं बदलत नाही. म्हणून टाकीचं तोंड पंपाच्या मागे असलं की पंप पुढच्या सगळ्या नळ्यांत दाब वाढवतो आणि हवा विरघळलेली राहते. पण पंप टाकीच्या दिशेनं ढकलत असेल तर त्याच्या मागचा दाब कमी होतो, हवा सुटते, वरच्या मजल्यावर अडकते. जुन्या घरांत पंप परतीच्या थंड नळीवर, टाकीच्या उलट्या बाजूला बसवलेला असे, कारण जुनी पॅकिंगं गरम पाणी सोसत नसत. पॅकिंग गेलं, कारण गेलं, पण रीत राहिली. इतिहासाच्या बाईला यात नवल वाटू नये!

परदेशी असलेल्या भाचे-पुतण्यांनी विचारलं म्हणून, कुठल्या आवाजाचा काय अर्थ ते थोडक्यात लिहून ठेवते. भाऊजींचा कान, जावयांचा अनुभव आणि मी वाचलेलं, असं ते मिळून झालेलं आहे.

खळखळ किंवा गुळण्या केल्यासारखा आवाज म्हणजे हवा. वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपासून हवा काढावी, मग दाब पाहावा. थंड असताना दोन मजली घरात अमेरिकेत साधारण बारा पौंड, इंग्लंड-युरोपात एक ते दीड बार असतो. हवा काढूनही ती परत परत येत असेल तर टाकी, गळती आणि भरणीची नळी तपासावी. नुसतं पाणी भरत राहणं हा उपाय नव्हे, तो रोग वाढवणं आहे.

खडे भरल्यासारखा किंवा वाळू दळल्यासारखा आवाज म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाणी कमी. दाब उतरलेला असेल, जाळी तुंबली असेल किंवा मागचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल. हा आवाज अंगावर काढू नये, पंखा झिजतो.

सरळ एकसुरी घूं बहुधा विजेची असते. पन्नास सायकलच्या विजेवर ती शंभरची होते, अमेरिकेत एकशेवीसची. थोडी असतेच. पण पंप घूं करतोय आणि पाणी फिरत नाही, तर आतला फिरता भाग अडकला असावा. उन्हाळाभर बंद राहिलेल्या पंपाचं हे नेहमीचं. घूं भिंतीतून येत असेल तर नळी कुठे लाकडाला घट्ट टेकलीय का पाहावं. रबराचा एक तुकडा पुष्कळदा काम करतो.

बारीक शिट्टी किंवा सुसकारा रेडिएटरपाशी येत असेल तर पंपाचा वेग जास्त आहे. तीन वेगांचा पंप लोक कायम तिसऱ्यावर ठेवतात. एक पायरी खाली आणून पाहावं.

किंचाळणं, खरखर, धातूवर धातू घासल्यासारखं, हे मात्र बेअरिंगचं. इथे खरोखर पंप दोषी. पण बसवतानाच काही चूक झाली होती का तेही बघावं. पाण्यात फिरणाऱ्या मोटरचा आस आडवा हवा; उभा बसवला तर बेअरिंगवर भार येतो आणि वरच्या टोकाला हवा साठून ते कोरडं पडतं. अशानं नवा पंपही वर्षात जातो.

आणि काही आवाज पंपाचे नसतातच. टिकटिक ऐकू येते ती नळी तापून लांब होण्याची; तांब्याची दहा मीटर नळी साठ अंशांनी तापली की जवळजवळ एक सेंटीमीटर वाढते आणि लाकडाला घासते. धाडकन आवाज येतो तो झटक्यानं मिटणाऱ्या व्हॉल्व्हचा. आणि किटलीसारखं गाणं येतं ते बॉयलरमधल्या चुन्याचं. हे आम्हा गडचांदूरकरांना लगेच कळेल. ज्या चुनखडीवर इथले सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तीच पाण्यातून येऊन गिझरच्या कॉइलवर बसते आणि मग गिझर गुणगुणायला लागतो.

एक सूचना शिक्षिकेच्या अधिकारानं. ऐकणं, पाहणं, बोटानं वाजवणं, दाबाची तबकडी वाचणं एवढं घरच्यांनी करावं. वीज, गॅस आणि कढत पाण्याच्या दाबाला हात घालायचं काम जाणकाराचं. फक्त तो आल्यावर त्याला "पंप बदला" म्हणून सांगू नये. "असा असा आवाज येतो, तेव्हा तेव्हा येतो, आणि बादलीत पाणी साठतं," असं सांगावं.

आता नवे पंप आलेत. युरोपीय संघानं २००९ साली वीज वाचवण्याचे नियम केले आणि २०१३ पासून ते या पंपांना लागू झाले. जुना पंप साठ-शंभर वॅट खाई, नवा पुष्कळदा दहा-वीस वॅटवर भागवतो, गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि इतका हळू चालतो की हात लावून पाहावं लागतं. फार चांगलं झालं. पण त्यांच्या आत कायमचं चुंबक असतं आणि गंजाचा काळा गाळ त्याला चिकटतो. म्हणून नळ्यांवर चुंबकाची गाळणी बसवतात. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणं आणि हवा बाहेर ठेवणं यातून सुटका नाहीच. उलट ओरडणारा गप्प झाल्यामुळे दुखणं कळायला उशीर होईल की काय, अशी भीती मला वाटते.

इकडे आमच्या गावात गच्च्यांवर सोलर हीटर दिसतात. त्यातल्या बहुतेकांत पंप नसतो. नळ्या खाली, टाकी वर. तापलेलं पाणी आपण होऊन वर चढतं. अगदी ट्रीवाल्डच्या काचघरासारखं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देईन की बाळ, बंबात पंप होता. आच हाच त्याचा पंप. पण या सोलरमध्येही हवा अडकली की गरम पाणी येत नाही आणि लोक टाकी बदलायला निघतात. हवा बाहेर पडायची उभी नळी तुंबलीय का, एवढं आधी बघा.

भाऊजींचा कान आता पूर्वीसारखा राहिला नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा हे त्यांनी नातवाला शिकवलंय, आणि तो सध्या घरातला मिक्सर, फ्रीज, पाण्याचा प्रेशर पंप सगळं ऐकत हिंडतोय. परवा म्हणाला, "आजी, फ्रीजच्या पोटात पाणी वाजते." फ्रीज ठीक आहे, पण पोरगं ऐकतंय हे बरं झालं.

तुमच्याकडचे आवाज आणि त्यांची खरी कारणं जरूर लिहून कळवा. विशेषतः ज्यांनी पंप बदलला आणि आवाज तसाच राहिला, त्यांनी.